हुक्का कडू कां लागला?

गेल्या उन्हाळ्यांत सावेडींतील आमच्या जुन्या घराचा माळा आवरण्याचें काम निघालें. अहमदनगर शहराचें (सरकारी नोंदींत त्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) हें उपनगर आज बंगले, वसाहती आणि मनमाड रस्त्यावरील दुकानें यांनीं गजबजून गेलें आहे. परंतु वडील माणसांच्या आठवणींतील सावेडी म्हणजे वेशीबाहेरचें शेतीचें गांव होय. त्या काळच्या फुटक्या कणग्या, मापें आणि कंदील यांच्या ढिगांत एका मळकट फडक्यांत गुंडाळलेला पितळी हुक्का सांपडला. सुटीस आलेला माझा भाचा नुकताच पुण्यास नोकरीस लागलेला, आणि नव्या पिढीप्रमाणें जुन्या वस्तूंचा शोकी. त्यानें चिंच लावून हुक्का बाहेरून लखलखीत केला, कोठून तरी तंबाखू आणि कोळसे पैदा केले, आणि संध्याकाळीं गच्चीवर एकट्यानेंच त्याची प्रतिष्ठापना केली. दोन झुरके घेतांच तो थुंकत खालीं आला.

“मामा, हें इतकें घाण लागत असेल तर लोक तीन-चारशें वर्षें काय म्हणून ओढीत होते?”

तंबाखू ओढूं नये, हा उपदेश त्या वेळीं माझ्या अगदीं ओठांवर आला होता. परंतु त्याचा प्रश्न ऐकून मी थबकलों. प्रश्न इतिहासाचा होता, आणि मजजवळ त्याचें उत्तर नव्हतें. म्हणून हुक्क्यासह त्यास घेऊन मी शेजारच्या आप्पांकडे गेलों. आप्पांचें वय नव्वदीच्या घरांत. त्यांच्या वडिलांच्या बैठकींत हुक्का असे, हें मला ठाऊक होतें. आप्पांनीं हुक्का पुढें ओढून घेतला, नळीचें टोंक नाकाशीं धरलें आणि हंसून म्हणाले, “अरे, हुक्का कडू नसतो. त्यांतलें कांहीं तरी एक कडू असतें. तें कोणतें, एवढेंच शोधायचें.”

हुक्का ज्यांनीं जवळून पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं त्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. तळाशीं पाण्याचें भांडें. त्याच्या तोंडांत घट्ट बसवलेला उभा नेचा, त्याचें खालचें टोंक पाण्यांत बुडालेलें. नेच्याच्या माथ्यावर चिलीम, तींत तंबाखू आणि तिच्यावर विस्तव. आणि भांड्यांतील पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेंतून निघून ओढणाराच्या ओठांपर्यंत येणारी नळी. ओढणारानें श्वास आंत घेतला कीं भांड्यांतील हवा विरळ होते, आणि ती उणीव भरून काढण्यास चिलमींतील धूर नेच्यांतून खालीं उतरून पाण्यांतून बुडबुडत वर येतो. त्या आवाजावरूनच आपल्या लोकांनीं त्यास गुडगुडी हें नांव दिलें. यंत्र म्हणून पाहिलें तर ही फार साधी रचना आहे; पण धुराच्या वाटेंत पांच-सहा मुक्काम आहेत आणि त्यांपैकीं कोणत्याही मुक्कामीं चव बिघडूं शकते.

आप्पांची शोध घेण्याची रीत अशी कीं, धुराची जी वाट, तिच्या उलट जावयाचें. म्हणजे ओठांपासून निघून विस्तवापर्यंत पोंचावयाचें. चिलीम उतरवून ठेवावी आणि नळीनें नुसती हवा ओढून पाहावी. विस्तव नसतां, तंबाखू नसतांही जर कडवट वास आला, तर नव्या तंबाखूस दोष देण्यांत अर्थ नाहीं. जुन्या धुराचें कीट नळींत किंवा नेच्यांत बसलें आहे. जुन्या नळ्यांच्या आंत तारेचें वेटोळें आणि वर कापड किंवा चामडें असे. अशी नळी पाण्यानें धुतली तर आंतून ओली राहते आणि धुराच्या कडवटपणांत कुबट वासाची भर पडते. म्हणून ती झटकून, फुंकून, सावलींत टांगून ठेवीत, आणि फारच बिघडली तर टाकून नवी घेत. नेचा मात्र आंतून काडीला फडकें गुंडाळून घासतां येतो.

दुसरा मुक्काम पाण्याचा. नव्वद दोष येथें असतात असें आप्पा म्हणाले, आणि भाच्यानें मान खालीं घातली, कारण त्यानें भांडें बाहेरूनच घासलें होतें. धुरांतील राळ पाण्यांत उतरते. तेंच पाणी दुसऱ्या दिवशीं ठेवलें तर दर बुडबुड्यागणिक कालचा वास आजच्या धुरास लागतो. म्हणून पाणी प्रत्येक वेळीं नवें पाहिजे. भांड्याचा गळा अरुंद, आंत हात जात नाहीं. तेव्हां मूठभर तांदूळ आणि थोडें पाणी घालून तें खळखळून धुवावें. पाण्याची पातळीही पाहावी लागते. नेच्याचें टोंक बोटभर बुडावें. त्याहून पाणी कमी झालें तर धूर गरम येतो आणि घसा खरवडतो. अधिक झालें तर ओढण्यास जोर लागतो आणि एखादे वेळीं तें घाणेरडें पाणीच नळींतून तोंडांत येतें. आमच्या नगरच्या लोकांस हें निराळें शिकवण्याची गरज पडूं नये. निजामशाहीच्या काळीं कापूरवाडीसारख्या आसपासच्या गांवांतून या शहरास खापरी नळांनीं पाणी आणलेलें होतें. पाणी कितीही चांगलें असलें तरी तें ज्या नळांतून येतें तो नळ गाळानें भरला तर उपयोग नाहीं, हें तत्त्व शहरास लागू आहे तसेंच गुडगुडीसही.

तिसरा मुक्काम चिलमीचा आणि तींतील तंबाखूचा. हुक्क्याची तंबाखू कोरडी नसते. तींत गूळ किंवा काकवी कालवून मळतात. या मिश्रणास आपल्याकडे गुडाखू म्हणत. गूळ तापला तर गोड वास देतो, जळला तर कडू होतो. स्वयंपाकघरांत ज्या गृहिणीनें एकदां पाक जाळला आहे तिला याहून अधिक सांगणें नको. तंबाखू दाबून भरली तर हवा फिरत नाहीं. वरचा थर जळतो आणि खालचा कच्चा राहतो. ती हलक्या हातानें भरावी, आणि विस्तव तिला थेट भिडूं नये म्हणून मध्यें मातीची पातळ चकती ठेवावी. शेवटचा मुक्काम विस्तवाचा. अर्धवट पेटलेला कोळसा धुरकट वास देतो. तो बाहेर पूर्ण फुलवून, वरची काळी कड जाऊन राखेचा पांढरा पापुद्रा धरला म्हणजेच चिलमीवर ठेवावा. हल्लीं जे काडी लावतांच पेटणारे कोळसे मिळतात, त्यांत पेट घेण्यासाठीं सोरा मिसळलेला असतो आणि त्याची चव पहिल्या झुरक्यांत उतरते. भाच्याचा कोळसा नेमका त्याच जातीचा होता, आणि तोही त्यानें अर्धा काळा असतांनाच ठेवला होता.

अशा रीतीनें पाणी शिळें नसलें तरी भांडें शिळें, नळी कुबट, तंबाखू दाबलेली आणि कोळसा कच्चा, असे चार दोष एका संध्याकाळीं निघाले. भाच्याचा पहिला प्रश्न सुटला. परंतु त्यांतून दुसरा उपजला: हा खटाटोप आरंभीं कोणी आणि कां मांडला? त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. तें दख्खनेंतच आहे.

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दख्खनच्या दरबारांत आली. उत्तरेकडील मोंगल दरबारांत ती कशी पोंचली याची हकीकत असद बेग या अकबराच्या सरदारानें स्वतः लिहून ठेवली आहे. चांदबीबीच्या मृत्यूनंतर १६०० मध्यें नगरचा किल्ला मोंगलांच्या हातीं गेला होता, आणि अकबराचा मुलगा दानियाल याच्याकडे दख्खनचा कारभार होता. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा यानें आपली मुलगी दानियालास देऊं केली, आणि १६०४ मध्यें गोदावरीच्या कांठीं पैठण येथें तो विवाह झाला. या कामगिरीच्या निमित्तानें विजापुरास गेलेल्या असद बेगास तेथें तंबाखू आढळली. हिंदुस्थानांत आपण असली वस्तु पाहिली नव्हती, असें तो म्हणतो. त्यानें पुष्कळ तंबाखू बरोबर घेतली आणि बादशहासाठीं एक रत्नजडित नळी करविली. तिची लांबी तीन हात, दोन्ही टोकांस जडावाचें काम, ओठांशीं धरण्यास येमेनी अकीकाची तोटी आणि विस्तवासाठीं सोन्याचें पात्र.

अकबरापुढें ही भेट आली तेव्हां जो प्रसंग घडला तो मोठा बोधक आहे. बादशहानें कुतूहलानें नळी हातीं घेतली. हकिमानें अडविलें. असद बेगाचें मन राखण्यासाठीं दोन-तीन झुरके घेतों असें म्हणून बादशहानें ते घेतलेही; हकीम अस्वस्थ झाला. मग वाद जुंपला. हकिमाचें म्हणणें असें कीं, हें औषध परीक्षा न झालेलें आहे. आमच्या ग्रंथकारांनीं त्याविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं. तेव्हां केवळ फिरंगी घेतात म्हणून आपण तें कां घ्यावें? असद बेग म्हणाला कीं, फिरंग्यांतही शहाणीं माणसें आहेत. आणि जगांतील कोणती चाल पहिल्यानें नवीन नव्हती? चोपचिनीचें मूळही एके काळीं अपरिचितच होतें, आज तें कितीक रोगांवर देतात. बादशहास हा युक्तिवाद फार आवडला. आपल्या ग्रंथांत नाहीं एवढ्याच कारणावरून दुसऱ्या देशांतील शहाण्यांनीं स्वीकारलेली वस्तु टाकूं नये, नाहीं तर आपली प्रगति कशी होणार, असें तो म्हणाला. हकिमाचें समाधान मात्र कोणास करतां आलें नाहीं. पुढें असद बेगानें उमरावांस तंबाखू वांटली, सर्वांनीं मागणी केली, व्यापाऱ्यांनीं दुकानें मांडलीं. आणि बादशहा? त्यानें स्वतः ती संवय लावून घेतली नाहीं.

असद बेगाच्या वर्णनावरून त्याची भेट म्हणजे लांब दांड्याची चिलीम असावी असें दिसतें. पाण्याच्या हुक्क्याची कल्पना अकबराच्या दरबारचा हकीम अबुल फत गिलानी यानें काढली, अशी एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते. धूर पाण्यांतून नेला कीं त्याची बाधा जाते असा त्याचा विचार होता म्हणतात. परंतु अबुल फत १५८९ मध्यें वारला. आणि असद बेगाची तंबाखू दरबारीं आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनीं. तेव्हां या दोन कथांचा मेळ सहज बसत नाहीं. तरी आख्यायिका टिकली, याचें कारण समजण्यासारखें आहे. हुक्का हकिमानें काढला म्हटलें म्हणजे त्यास औषधाची प्रतिष्ठा मिळते, आणि ओढणाराच्या मनाची टोचणी कमी होते.

पाण्याचें भांडें फार लवकर प्रचारांत आलें हें मात्र खरें. सर टॉमस रो या इंग्रज वकिलाचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ पासून सुमारें तीन वर्षें जहांगिराच्या मुलुखांत होता. त्यानें लोक तंबाखू कशी ओढतात याचें वर्णन केलें आहे: लहानशा मातीच्या भांड्यांत पाणी, वरच्या तोंडावर तंबाखू, तिच्यावर निखारा, आणि पोटांतून निघालेल्या तोटीस लावलेली नळी. पाण्यामुळें धूर थंड होऊन येतो हेंही त्यानें नमूद केलें आहे. त्याच सुमारास, १६१७ मध्यें, जहांगिरानें तंबाखूच्या अपायांमुळें तिच्यावर बंदीचा हुकूम काढला. इराणच्या शहा अब्बासानेंही तसाच हुकूम केला होता. परंतु जहांगिराचा तेथील वकील खान आलम यास नळीवांचून घटकाभर राहवेना, म्हणून शहानें त्यास खास सवलत दिली, असें जहांगिरानेंच आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. बापानें ज्या वस्तूस दरबारांत वाट करून दिली तिला मुलानें बारा-तेरा वर्षांत अडवूं पाहिलें. पण तोंवर ती राजाच्या हुकमाबाहेर गेली होती.

पुढें हुक्क्यानें आपलें स्वतःचें जग उभें केलें. अरबस्तान, तुर्कस्तानांत ज्यास नरगिल म्हणतात तें नांव नारळाचें आहे. आपला नारिकेल फारसींतून तिकडे गेला, कारण पाण्याचें साधें भांडें म्हणजे नारळाची कवटी होती. दख्खनच्या बिदरी कारागिरांनीं सतराव्या शतकांत जीं हुक्क्याचीं भांडीं घडविलीं तीं नारळासारखींच गोल असत आणि कड्यावर ठेवावीं लागत. बसक्या तळाचीं, घंटेच्या आकाराचीं भांडीं नंतर आलीं. जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओतावयाचें, त्यावर रुप्याची नक्षी ठोकून बसवावयाची, आणि बिदरच्या किल्ल्यांतील मातीचा लेप देऊन जमीन काळीभोर करावयाची, अशी ती कला. मोठ्या घरांत हुक्केबरदार हा स्वतंत्र नोकर असे. कलकत्त्याच्या इंग्रजांसही ही चटक लागली होती. १७७९ मध्यें वॉरन हेस्टिंग्ज पतिपत्नींनीं धाडलेल्या एका मेजवानीच्या निमंत्रणांत पाहुण्यांनीं हुक्केबरदाराखेरीज नोकर आणूं नयेत अशी सूचना होती. ती वाचतांना हंसूं येतें; पण आप्पांचें व्याख्यान ऐकल्यावर तिचा अर्थ कळतो. पाणी, नळी, तंबाखू आणि विस्तव ह्या चारांवर सतत नजर ठेवणारा माणूस जवळ नसेल तर घटकेंत हुक्का कडू होतो. ही सर्व संपत्ति, ही कारागिरी, हे नोकरचाकर, यांचा बराचसा हेतु एकच होता: कडवटपणा जिभेपर्यंत पोंचूं नये.

आणि येथेंच त्या हकिमाची आठवण येते. त्याचा पक्ष वादांत पडला. त्याचें कारणही होतें. जुन्या ग्रंथांत नाहीं म्हणून नवें नको, हा त्याच्या युक्तिवादाचा दुबळा भाग होता, आणि असद बेगानें नेमका तोच पकडला. परंतु त्याचा दुसरा शब्द, परीक्षा झालेली नाहीं हा, कोणीं ऐकून घेतला नाहीं. ती परीक्षा पुढें झाली. तिला तीन शतकांहून अधिक काळ लागला. आज आपणांस ठाऊक आहे कीं, पाणी धूर थंड करतें, शुद्ध करीत नाहीं. राळेचा कांहीं अंश पाण्यांत राहतो, पण बहुतेक विष बुडबुड्याबरोबर वर येतें. धूर थंड आणि गुळचट झाल्यामुळें माणूस तो खोल ओढतो आणि फार वेळ ओढतो. तासाभराच्या एका बैठकींत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशें पट धूर पोटांत जाऊं शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ मध्यें दिला. शिवाय कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. कोळसा कितीही चांगला फुलवला तरी तो निघतोच. आपण ज्या दोषांची यादी केली त्या सर्वांत घातक दोष हा, आणि जिभेला तो कधींच सांपडत नाहीं.

महाराष्ट्रांत २०१८ मध्यें कायदा करून हुक्कागृहें बंद करण्यांत आलीं. मुंबईच्या कमला मिल आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं लागलेल्या आगींत चौदा माणसें दगावलीं होतीं, आणि हुक्क्याच्या निखाऱ्यांची गोष्ट तेव्हां चौकशींत पुढें आली होती. जहांगिराचा हुकूम आणि हा कायदा यांत चारशें वर्षांचें अंतर आहे. दोघांसही एकाच गोष्टीशीं झगडावें लागतें: हुकूम दुकान बंद करतो, संवय घरांत राहते.

मीं हें सर्व भाच्यास सांगत असतां आप्पा हुक्क्याची नळी हळूहळू गुंडाळीत होते. मग ते म्हणाले, “वडिलांचा हुक्का मीच भरीत असें. दहा-बारा वर्षांचा असेन. कडू लागला कीं ते नळी बाजूस सारीत आणि त्या रात्रीं पुन्हां हात लावीत नसत. मला वाईट वाटे. म्हणून मी शिकलों. पाणी कसें, नळी कशी, निखारा कसा. पुढें माझ्या हातचा हुक्का कधीं बिघडतच नसे. गांवांतले लोक मुद्दाम आमच्याकडे बसायला येत. वडील मोठ्या अभिमानानें सांगत, पोरानें भरला आहे म्हणून. त्यांचा खोकला मात्र वर्षागणिक वाढत गेला. तेव्हां मला वाटे, मी त्यांची सेवा करतों आहें.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. असद बेगाविषयीं आणि हकिमाविषयीं माझ्याजवळ अजून कांहीं सांगण्यासारखें होतें, तें मीं सांगितलें नाहीं. हुक्का कडू लागणें ही एकच सूचना त्या यंत्रापाशीं होती, आणि ती नाहींशी करण्यांत एका प्रेमळ मुलाचें बाळपण खर्चीं पडलें होतें.

थोड्या वेळानें भाच्यानें विचारलें, “आप्पा, मग याचें आतां काय करूं?”

“आंतून धू,” आप्पा म्हणाले, “आणि उन्हांत पालथा घाल. ओल राहिली तर पितळेस कळंक चढेल. वस्तु चांगली आहे. तिचा काय अपराध?”

दुसऱ्या दिवशीं तो हुक्का गच्चीवर पालथा वाळत होता. तंबाखूची पुडी आणि कोळसे मात्र कोठें दिसले नाहींत, आणि मींही त्यांची चौकशी केली नाहीं.